चार ओळींचा परिचय: हौसेने लिहिणाऱ्याने आपली ऑनलाइन ओळख कशी ठरवावी

हौसेने ऑनलाइन लिहिणारा माणूस सगळ्यात जास्त अडतो तो स्वतःबद्दलच्या चार ओळींवर. पंचवीस लेख हातावेगळे झालेले असतात, विषय पुरता अंगात मुरलेला असतो, पण 'माझ्याविषयी' या पानापाशी आलं की हात जड होतो. मग दोनपैकी एक घडतं. एक तर नोकरीच्या अर्जातला मजकूर उचलून तिथे ठेवला जातो: शिक्षण, हुद्दा, अनुभवाची वर्षं. नाही तर "वेळ मिळेल तसं काहीबाही खरडतो, गोड मानून घ्यावं" एवढ्यावर भागवलं जातं. पहिल्यात हुद्दा कळतो पण माणूस कळत नाही. दुसऱ्यात काहीच कळत नाही.

मी बरीच वर्षं हौसेने लिहितो आहे आणि इतरांचे परिचय आवर्जून वाचतो. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. वाचक त्या पानावर येतो तो चौकशीला. तुमचं लेखन त्याला आवडलेलं असतं किंवा खटकलेलं असतं, आणि हे सांगणारा कोण, याच्या शब्दावर किती भरवसा ठेवावा, एवढंच त्याला हवं असतं. त्याचं सरळ उत्तर मिळालं की परिचय झाला. मात्र ते लिहिण्याआधी नाव, खाती आणि चित्र यांबद्दल काही निर्णय घ्यावे लागतात, आणि त्यांतले काही एकदा घेतले की मागे घेता येत नाहीत. म्हणून आधी ठरवायचं, मग लिहायचं.

आधी झाकायचं काय ते ठरवा

एक कागद घ्या. डाव्या बाजूला पाच माणसं लिहा: अनोळखी वाचक, तुमच्याच छंदातला माणूस, कामावरचा सहकारी किंवा वरिष्ठ, नातेवाईक, आणि तुमच्यावर राग धरून असलेला कोणीतरी. वरच्या बाजूला रकाने आखा: पूर्ण नाव, चेहरा, राहण्याचं ठिकाण, नोकरी, घरची माणसं, रोजचा दिनक्रम. आता प्रत्येक चौकटीत 'चालेल' किंवा 'नको' लिहा. दहा मिनिटांचं काम आहे, पण ते कागदावरच करा. मनातल्या मनात केलं की सगळीकडे 'चालेल' येतं.

बहुतेकांना या कागदावर एक अनपेक्षित गोष्ट दिसते. भीती अनोळखी वाचकाची वाटत असते, पण 'नको' जास्त पडतात ते ओळखीच्या माणसांच्या ओळीत. मासिक बैठकीत शेजारी बसणाऱ्या माणसाने आपली कविता वाचलेली असणं हे दूरच्या कोणा वाचकापेक्षा कितीतरी अवघड वाटू शकतं. तसं असेल तर टोपणनावाचा विचार गांभीर्याने करा. सगळीकडे मनापासून 'चालेल' असेल तर खऱ्या नावाने लिहा, पुष्कळ कटकट वाचते.

हे सुरुवातीलाच करण्याला कारण आहे. झाकलेलं नंतर उघडता येतं, उघडलेलं झाकता येत नाही. इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून जगभरातल्या पानांच्या प्रती जपून ठेवते आहे आणि २००१ पासून 'वेबॅक मशीन'मधून त्या कोणालाही पाहता येतात. तुम्ही आज खोडलेली ओळ तिथे तारखेसकट सापडू शकते. वाचकांनी काढून ठेवलेले स्क्रीनशॉट वेगळेच.

नाव

पर्याय तीन आहेत. खरं नाव, पूर्ण गुप्त टोपणनाव, आणि या दोहोंमधलं उघड टोपणनाव, म्हणजे लेखनाला नाव वेगळं, पण त्यामागचा माणूस कोण हे लपवलेलं नाही. मराठीत हा तिसरा प्रकार जुना आणि प्रतिष्ठित आहे. वि. वा. शिरवाडकर म्हणजेच कुसुमाग्रज हे सगळ्यांना माहीत होतं. राम गणेश गडकऱ्यांनी नाटकं स्वतःच्या नावाने लिहिली, कविता 'गोविंदाग्रज' या नावाने आणि विनोदी लेख 'बाळकराम' या नावाने. चिं. त्र्यं. खानोलकर कवितेपुरते आरती प्रभू होत. या नावांनी वाचकाला आत शिरण्याआधीच कळायचं की आज कोणत्या सुरातलं ऐकायला मिळणार आहे. टोपणनावाचा हा उपयोग आजही तितकाच खरा आहे.

पण एक सावधगिरीची सूचना. दोन छंद आहेत म्हणून दोन नावं घ्यावीत असा मोह होतो. दोन नावं म्हणजे दोन खाती, दोन परिचय, दोन ठिकाणचा पत्रव्यवहार, आणि कुठे कोण बोलतंय याचं सतत भान. सकाळी उठून नोकरीला जाणाऱ्या माणसाला हे झेपत नाही. दोन्ही विषयांचे वाचक एकमेकांना खरोखरच नकोसे होणार असतील तरच दुसरं नाव घ्या.

गुप्त टोपणनाव घेणाऱ्यांनी स्वतःला एक प्रश्न आधीच विचारावा: उद्या हे फुटलं तर मी काय म्हणेन? "हो, ते मीच लिहितो" असं शांतपणे म्हणता येत असेल तर नाव खुशाल घ्या. त्या विचारानेच पोटात गोळा येत असेल, तर प्रश्न मजकुराचा आहे. नाव बदलून तो सुटत नाही. (अत्याचाराबद्दल, आजारपणाबद्दल, कामाच्या ठिकाणच्या अन्यायाबद्दल लिहिणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे गुप्तता हीच सुरक्षितता असते आणि तिची तयारी पुढे सांगतो त्याहून कडक करावी लागते.)

नाव सुचलं की चार कसोट्या लावा. पहिली, ते फोनवर कोणाला तरी सांगून पाहा. दोनदा सांगावं लागलं तर बदला. दुसरी, ते छंदाच्या एका कोपऱ्याला बांधलेलं नसावं. 'दुर्बीणवाला' हे नाव आज गोड वाटतं, पण तीन वर्षांनी तुम्ही हवामानाच्या नोंदींवर लिहू लागलात की अडचण होते. तिसरी, 'डॉ.', 'आचार्य', 'गुरू' असं जे तुम्ही नाही ते नावात येऊ देऊ नका. टोपणनाव घेण्याची मोकळीक आहे, खोटी पदवी घेण्याची नाही. चौथी, ते नाव अवतरणचिन्हांत घालून शोधून पाहा, देवनागरीत आणि रोमन लिपीतही. त्याच नावाने दुसरा कोणी लिहीत असेल, मग तो कितीही छोटा लेखक असो, तर त्याला त्याचं नाव राहू द्या.

रोमन लिपीचा मुद्दा मराठी लेखकाला टाळता येत नाही. युजरनेम आणि पत्ते बहुतेक ठिकाणी रोमन अक्षरांतच द्यावे लागतात, आणि एका मराठी नावाची रोमन रूपं तीन-चार होतात. 'अक्षय' लिहिताना एक जण के-एस-एच लिहितो, दुसरा एक्स. 'ळ'चं तर कोणीच ठरवलेलं नाही. एक रूप निवडा, वहीत लिहून ठेवा आणि सगळीकडे तेच वापरा. जमल्यास नेहमीच्या दोन-तीन जागी त्या रूपाचं खातं आताच उघडून ठेवा, पुढे वापरलं नाही तरी चालेल.

परिचयाच्या पानाचा पत्ताही रोमन अक्षरांत आणि छोटा ठेवा. देवनागरीतलं एक चिन्ह संगणकात तीन बाइट घेतं, आणि पत्ता कॉपी केला की प्रत्येक बाइटची टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरं होतात. 'परिचय' या शब्दात वेलांटी धरून पाच चिन्हं आहेत, म्हणजे एवढ्याशा शब्दाची पंचेचाळीस अक्षरांची लांबलचक माळ तयार होते. कोणाला संदेशातून पाठवली की ती फसवणुकीची लिंक वाटते, आणि माणसं ती उघडत नाहीत. मजकूर देवनागरीतच असू द्या, फक्त पत्ता रोमन.

नाव कुठून गळतं

खऱ्या नावाने लिहिणार असाल तर हा भाग भरभर वाचून पुढे गेलात तरी चालेल. फोटोंबद्दलचा परिच्छेद मात्र सोडू नका. टोपणनाव घेणाऱ्यांनी इथे थांबा. नावं फुटतात ती क्वचितच कोणाच्या हेरगिरीने. बहुधा एखादं सेटिंग आपण पाहिलेलंच नसतं.

सुरुवात ईमेलपासून. लेखनासाठी वेगळा ईमेल पत्ता काढा, आणि तो काढताना 'पूर्ण नाव' या रकान्यात टोपणनावच लिहा. पत्ता नवा असतो पण त्या रकान्यात खरं नाव राहून जातं, आणि वाचकाला पाठवलेल्या पहिल्याच उत्तरावर ते ठळक अक्षरांत उमटतं. माझ्या ओळखीच्या एकीचं चार वर्षं जपलेलं नाव असंच एका आभाराच्या ईमेलातून गेलं. खातं उघडलं की आधी स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर एक पत्र पाठवून ते कसं दिसतं ते पाहा.

मग लेखनाची जागा. स्वतःच्या जागेवर बसवलेल्या वर्डप्रेसमध्ये खातं काढताना दिलेलं युजरनेम नेहमीच्या मांडणीत लेखकाच्या पानाच्या पत्त्यात दिसतं, आणि ते युजरनेम पुढे सेटिंगमधून बदलता येत नाही. लेखाखाली दिसणारं नाव बदलून निर्धास्त झालेल्या माणसाचं खरं नाव पत्त्याच्या पट्टीत तसंच राहतं. ब्लॉगरवर गूगल खात्याचं नाव आणि लेखक म्हणून दिसणारं नाव नीट वेगळं केलं आहे ना, ते पाहा. दोन्हीकडे तपासायची रीत एकच: खात्यातून बाहेर पडा, ब्राउझरची खाजगी (इनकॉग्निटो) खिडकी उघडा आणि परका वाचक होऊन आपली पानं पाहा.

चित्रांची एक गुंतागुंत फारशी कोणी सांगत नाही. ग्रॅव्हॅटार ही सेवा तुमचं चित्र ईमेल पत्त्याशी जोडते. तो पत्ता वापरून जिथे प्रतिक्रिया द्याल तिथे ते चित्र आपोआप उमटू शकतं. सोय छान आहे, पण खऱ्या आणि टोपण अशा दोन्ही नावांसाठी एकच ईमेल वापरलात तर दोन्हीकडे तोच चेहरा येतो. नाव वेगळं तर ईमेल वेगळा, हा नियम मोडू नका.

स्वतःचं डोमेन, म्हणजे संकेतस्थळासाठी स्वतःच्या नावाचा पत्ता, घेतलंत तर नोंदणीत नाव, पत्ता आणि फोन द्यावा लागतो. ही माहिती पूर्वी सरसकट उघडी असे. युरोपातला माहितीसंरक्षणाचा कायदा मे २०१८ मध्ये लागू झाल्यापासून बऱ्याच डोमेनांची व्यक्तिगत माहिती झाकली जाते, पण सगळ्या प्रकारच्या डोमेनांना एकच नियम नाही. नोंदणी करण्याआधी, पैसे भरण्याआधी, विचारून घ्या. एकदा उघडी पडलेली नोंद जुन्या प्रती विकणाऱ्यांकडे राहते.

फोन नंबर शक्यतो लेखनाच्या खात्याला जोडू नका, आणि जोडावाच लागला तर 'संपर्कयादी वापरू द्यावी का' या प्रश्नाला नकार द्या. तुमचा नंबर ज्यांच्या फोनमध्ये आहे त्यांना तुमचं गुप्त खातं 'हे तुमच्या ओळखीचे असावेत' म्हणून दाखवलं जाऊ शकतं. वर कागदावर सगळ्यात जास्त 'नको' ज्यांच्या ओळीत पडले, नेमके तेच हे लोक.

आता फोटो. फोनने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ, फोनचं मॉडेल आणि ठिकाण नोंदवणं चालू असेल तर अक्षांश-रेखांशही असतात. काही संकेतस्थळं फोटो चढवताना ही माहिती पुसतात, काही पुसत नाहीत. कोण पुसतं हे लक्षात ठेवण्यापेक्षा स्वतःच पुसून टाकणं सोपं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ठिकाणाची नोंद बंद करा आणि जुने फोटो वापरताना आधी ती माहिती काढा. मग फोटोच्या आत काय दिसतंय ते पाहा: दारावरची पाटी, गाडीचा नंबर, खिडकीच्या काचेतलं प्रतिबिंब, मुलांच्या गणवेशावरचं बोधचिन्ह. घरून निरीक्षणं करणाऱ्यांच्या, बाल्कनीतल्या पक्ष्यांचे फोटो टाकणाऱ्यांच्या हे विशेष लक्षात येत नाही. फाइल म्हणून वाटलेल्या दस्तऐवजातही लेखकाचं नाव दडलेलं असतं. फाइलच्या गुणधर्मांत ते दिसतं.

इतकं सगळं सांभाळूनही एक गोष्ट उरते, आणि ती म्हणजे तुमची भाषा. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने १७८७-८८ मध्ये 'पब्लियस' या एकाच टोपणनावाने ८५ लेख निघाले. लिहिणारे तिघे होते: अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे. त्या लेखांतले १२ हॅमिल्टनचे की मॅडिसनचे यावर वाद राहिला. फ्रेडरिक मोस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी अगदी साध्या, छोट्या शब्दांची वारंवारता मोजली. 'अपॉन' हा शब्द हॅमिल्टनच्या लेखनात सारखा येतो, मॅडिसनच्या लेखनात क्वचित. त्यांनी १९६४ मध्ये निष्कर्ष मांडला की ते लेख मॅडिसनचे असावेत. आपणही 'मुळात', 'अर्थात', 'एकुणात' असल्या शब्दांच्या खुणा सोडतच असतो. जवळच्या माणसाला तर मोजावंही लागत नाही. दुसऱ्या परिच्छेदातच तो ओळखतो. म्हणून टोपणनावावर 'अनोळखी लोकांपासून झाकलेलं' एवढाच भरवसा ठेवा, 'बायकोला किंवा भावाला कधीच कळणार नाही' इतका नको.

परिचय लिहायला बसताना

नोकरीचा अर्ज डोक्यातून काढण्यासाठी मला एक युक्ती लागू पडली. लिहू नका, बोला. फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि आपल्या छंदाबद्दल काहीच माहीत नसलेल्या एका चांगल्या मित्राला सांगतो आहोत असं समजून तीन मिनिटं बोला: मी काय करतो, कधीपासून, कशाने, कुठवर आलोय, काय जमत नाही. मग ते ऐकून उतरवून काढा. तुमच्या परिचयातली सगळ्यात जिवंत दोन वाक्यं त्यात हमखास सापडतात. कागदावर आपण 'आवड जोपासली' लिहितो. बोलताना म्हणतो, "रात्री गच्चीवर गेलो आणि तासभर खाली आलोच नाही."

उदाहरण घेऊ. आकाशदर्शनाचा छंद असलेल्या कोणाचा परिचय असा असू शकतो:

"मी एक आकाशप्रेमी असून लहानपणापासूनच मला ग्रह-ताऱ्यांची आवड आहे. याशिवाय वाचन, संगीत, प्रवास हेही माझे छंद आहेत. माझे अनुभव आपल्यासमोर मांडण्याचा हा छोटासा प्रयत्न."

यातली एकही ओळ खोटी नाही, आणि एकही ओळ याच माणसाची नाही. नाव बदलून ती हजारांना लागू पडेल. आता हेच असं:

"नोकरीने हिशेबनीस आहे. सहा इंची दुर्बीण आहे आणि मेसिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या यादीतल्या आकाशातल्या ११० वस्तू एकेक करून पाहायच्या असं ठरवलंय. आतापर्यंत ४३ पाहिल्या. जे जसं दिसलं तसं लिहितो. दिसलं नाही तर तेही लिहितो. खगोलशास्त्राचं शिक्षण घेतलेलं नाही, त्यामुळे 'का' या प्रश्नाची उत्तरं पुस्तकं वाचून देतो आणि चूक कोणी दाखवली तर लेखातच दुरुस्त करतो."

वाचकाला काय काय मिळालं पाहा. साधन कळलं, म्हणजे याला काय दिसू शकतं ते कळलं. आकडा कळला, म्हणजे माणूस कुठवर आलाय ते कळलं, शिवाय पुढे काय होणार याची उत्सुकताही लागली. कशावर विसंबावं (डोळ्यांनी पाहिलेल्यावर) आणि कशावर जपून (कारणमीमांसेवर), तेही कळलं. हे करायला मोठं काही लागत नाही. एक साधन, एक आकडा, एक मर्यादा आणि एक वचन. छंद विणकामाचा असो, जुनी घड्याळं दुरुस्त करण्याचा असो की बुद्धिबळाचा, या चार गोष्टी प्रत्येकाकडे असतात. आकडा लहान असेल तर लहानच लिहा. "आतापर्यंत दोन घड्याळं चालू केली, एक कायमचं बंद पाडलं" हे वाचून माझा त्या माणसावर विश्वास बसतो.

पहिल्या वाक्यात वर्तमान असू द्या, बालपण नको. शिक्षण आणि नोकरी विषयाशी संबंध असेल तरच सांगा. हिशेबनीस हा शब्द वर आला तो वाचकाला 'हा पोटासाठी हे करत नाही' एवढं सांगायला. कंपनीचं नाव त्यासाठी लागत नाही आणि ते लिहूही नये. तुमचं मत हे तुमच्या नोकरीच्या जागेचं मत समजलं जाऊ नये, यातच दोघांचं भलं आहे. नोकरीच्या करारात बाहेरच्या लेखनाबद्दल काही अट आहे का, हेही एकदा वाचून घ्या.

'हौशी' हा शब्द लिहायला लाजू नका, आणि त्याची माफीही मागू नका. रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणाऱ्या, ताऱ्यांच्या नोंदी जमवणारी अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स ही संस्था १९११ पासून हौशी निरीक्षकांच्या नोंदींवर उभी आहे आणि व्यावसायिक शास्त्रज्ञ त्या नोंदी वापरतात. तिथे प्रत्येक निरीक्षकाला काही अक्षरांचा एक संकेत मिळतो आणि त्याची प्रत्येक नोंद त्या संकेतासह जाते. निरीक्षकाची पत त्या अक्षरांमागे वर्षानुवर्षं साठलेल्या नोंदींतून तयार होते. मला ही ऑनलाइन ओळखीची सगळ्यात नेमकी कल्पना वाटते. 'वेबलॉग' हा शब्द जॉर्न बार्जर यांनी १९९७ मध्ये वापरात आणला, तेव्हा त्यातही 'लॉग' म्हणजे नोंदवहीच होती. नोंद ठेवणाऱ्याने तज्ज्ञ असलंच पाहिजे असं नाही, पण पाहिलेलं आणि ऐकलेलं त्याने वेगवेगळं लिहायला हवं.

म्हणून "मोडकंतोडकं लिहितो", "मी काही मोठा लेखक नाही" ही वाक्यं काढून टाका. नम्रता म्हणून ती लिहिली जातात, पण वाचकाला त्यातून काही मिळत नाही; उलट चूक झाली तर आधीच हात वर करून ठेवल्यासारखं होतं. त्या जागी नेमकी मर्यादा लिहा. औषधं, कायदा, गुंतवणूक यांच्या जवळून जाणारा विषय असेल तर ती मर्यादा ठळकपणे आणि वरच लिहा: मी डॉक्टर नाही, हा माझ्या स्वतःच्या गुडघ्याचा अनुभव आहे.

आणखी तीन उघड कबुल्या परिचयात शोभतात. कोणी वस्तू फुकट दिली आणि तुम्ही तिच्याबद्दल लिहिलं, तर ते सांगाल का? लिंकवरून खरेदी झाली तर तुम्हाला काही मिळतं का? लिहिताना किंवा चित्रांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेता का, आणि कशासाठी? प्रत्येकी एक वाक्य पुरे. उत्तर 'नाही' असेल तरी लिहा.

प्रथमपुरुषात लिहा. "श्री. अमुक हे एक संवेदनशील लेखक आहेत" असं स्वतःच्या पानावर स्वतःच लिहिलेलं वाचताना वाचक अवघडतो. तृतीयपुरुषी परिचय दुसऱ्यांना छापायला द्यायचा असतो. तो वेगळा करून ठेवा.

एकूण लांबी दीडशे-दोनशे शब्द. त्यापुढे जे सांगावंसं वाटतं तो बहुधा एक स्वतंत्र लेख असतो, तो तसाच लिहा आणि परिचयातून त्याची लिंक द्या. शेवटी संपर्काची एक वाट ठेवा, आणि उत्तराला किती दिवस लागतात तेही. "आठवड्यातून एकदा ईमेल पाहतो" एवढ्या एका वाक्याने दोन्हीकडचा किती त्रास वाचतो!

त्याच परिचयाची दोन लहान भावंडं

इतर ठिकाणी जागा मोजून मिळते. एक्सवर परिचयाला १६० अक्षरं, इन्स्टाग्रामवर १५०. इथे देवनागरीची गणना ध्यानात घ्या: काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी मोजली जाऊ शकतात. 'क्षितिज' हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा, पण संगणकाला सात चिन्हांचा. त्यामुळे १६० म्हणजे फार तर पंचवीस-तीस शब्द धरा. मोठ्या परिचयातून साधन आणि आकडा तेवढा उचला: "सहा इंची दुर्बीण, मेसिएच्या ११० पैकी ४३. दिसलं तसं लिहितो." एवढं पुरतं.

सगळ्यात छोटा परिचय तोंडी असतो. कोणी विचारलं, "तुम्ही काय लिहिता?" तर एका श्वासात सांगता आलं पाहिजे. ते वाक्य मोठ्याने म्हणून बघा, लाज वाटेनाशी होईपर्यंत.

चित्र

चेहरा दाखवलाच पाहिजे असं नाही. हात, हत्यार, वहीचं पान, स्वतः काढलेलं रेखाचित्र, काहीही चालतं; तुमचं असलं म्हणजे झालं. नटाचा फोटो, शोधून उचललेलं फूल, किंवा यंत्राने बनवलेला अस्तित्वात नसलेल्या माणसाचा चेहरा, हे टाळा. त्यातला शेवटचा प्रकार मला सगळ्यात खुपतो, कारण वाचक त्या डोळ्यांकडे बघून विश्वास ठेवत असतो.

चित्र बहुतेक जागी गोल कापलं जातं आणि फार लहान दिसतं. ग्रॅव्हॅटारचं नेहमीचं माप ८० पिक्सेल आहे. निवडलेलं चित्र नखाएवढं करून हातभर अंतरावरून पाहा. ओळखू येत नसेल तर जवळून कापा. मग सगळीकडे तेच ठेवा, आणि निदान वर्षभर बदलू नका. माणसं नाव वाचायच्या आधी चित्र ओळखतात.

ही खाती एकाच माणसाची आहेत हे दाखवणं

आपल्या नावाने दुसऱ्याने खातं काढलं तर वाचकाने खरं कोणतं ते कसं ओळखावं? उत्तर साधं आहे. एक जागा घर माना. घराच्या परिचयात बाकी सगळ्या खात्यांच्या लिंक द्या, आणि प्रत्येक खात्यातून घराकडे उलट लिंक द्या. तोतया घराकडे लिंक देऊ शकतो, पण घरातून त्याच्याकडे लिंक जाणार नाही. मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर हीच दुहेरी लिंक यंत्र तपासतं, आणि घरातल्या लिंकला ठराविक संकेत जोडलेला असेल तर खात्यातल्या घराच्या लिंकपुढे हिरवी बरोबरची खूण दाखवतं. घराला आणि लेखनाच्या ईमेलला द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी) लावा, आणि त्यासोबत मिळणारे राखीव संकेत कागदावर उतरवून ठेवा. फोन हरवला की हा कागदच तुम्हाला तुमच्या नावात परत घेतो.

घरची माणसं

तुम्ही नाव उघड करायचं ठरवलं, तुमच्या घरच्यांनी ठरवलेलं नाही. लेखात येणाऱ्या प्रत्येक माणसाला आधी विचारा, आणि 'बायको', 'मोठी मुलगी', 'शेजारचे काका' यांवर भागवता येतं का ते पाहा. जवळजवळ नेहमी येतं. लहान मुलांचं नाव, शाळा आणि वाढदिवस तर कधीच नको. ती मोठी झाल्यावर त्यांची ओळख त्यांनाच ठरवू द्या.

पान जुनं होतं

परिचयाखाली तारीख घाला. 'शेवटचा बदल' अशी. सहा महिन्यांनी ते पान परक्यासारखं वाचा. ४३ चे ५१ झाले असतील तर आकडा बदला. मत बदललं असेल तर तेही सांगा. टोपणनाव सोडून खऱ्या नावावर यायचं असेल तर जुनं नाव लगेच पुसू नका. वर्षभर दोन्ही शेजारी ठेवा, म्हणजे जुना वाचक चुकत नाही. उलट दिशेने, खऱ्या नावावरून गुप्त नावाकडे जाता येत नाही. तिथे नवी जागा, नवा ईमेल आणि नवी सुरुवातच करावी लागते, आणि जुने लेख सोबत नेता येत नाहीत.

पासवर्ड आणि राखीव संकेत कुठे आहेत हे एका विश्वासाच्या माणसाला माहीत असू द्या. आणि छंद थांबला तर पान ओसाड ठेवू नका. वरच्या बाजूला एक ओळ लिहायला पाच मिनिटं लागतात: "सध्या लिहीत नाही. ८७ वर थांबलो. जुन्या नोंदी इथेच राहतील, ईमेल महिन्यातून एकदा पाहतो, दुर्बीण भाच्याला दिली आहे."